नेटवर असतं म्हणे सगळं!

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितोय. आमच्या भागातल्या एका वाचनालयानं जुने दिवाळी अंक आणि वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली रद्दीत घातल्या. किलोवर! विचारलं तर म्हणे, "आता नेटवर असतं की सगळं." कुठल्या नेटवर? सोलापुरातली छोटी साप्ताहिकं स्कॅन करायला कोण बसलं होतं, सांगा तरी.

आमच्या अण्णांचा जन्म चादरीच्या कारखान्यात गेला. जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं त्यांनी माळ्यावर बांधून ठेवलेली. एक कार्ड म्हणजे बाण्याचा, आडवा, एक धागा. भोक असेल तिथला ताणा, म्हणजे उभा धागा, उचलायचा, नसेल तिथला नाही. डेटाच की हो हा! आई दर दिवाळीला म्हणायची, "काढा की ती घाण." अण्णा ढिम्म.

पुढं धाकट्या भावानं नवी डिझाइनं कॉम्प्युटरवर केली. हार्ड डिस्क बसली, डिझाइनं गेली. अण्णांची कार्डं आजही मागावर चढतात. (उंदरांनी कडा कुरतडल्यात, तेवढं सोडा.)

ऑर्कुट आठवतंय? ३० सप्टेंबर २०१४ ला बंद. तिथं रात्र रात्र लिहिलेलं तुमच्यापैकी कितीजणांकडं आहे? हे फेसबुक तरी आपलं कुठंय.

"आजचं फालतू सामान पुढच्या पिढीला कशाला?" असं विचारणाऱ्यांची तर कीव येते. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघा स्वातंत्र्यसैनिकांना फाशी दिली, हे आपण छातीठोकपणे सांगतो. पण त्या दिवसांत गिरणीच्या चाळींत चूल कशी पेटली, ज्वारी काय भावानं मिळाली, बाया एकमेकींत काय बोलल्या? तेव्हाही कुणाला तरी ते फालतूच वाटलं असणार.

सगळंच ठेवता येत नाही, मान्य. जागा लागते, वाळवी लागते. पण काय टाकायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं, रद्दीवाल्याच्या काट्यानं नव्हे.

जाऊ दे. वाचनालयवाल्यांवर तरी किती ओरडू, छप्पर गळतंय त्यांचं. आणि अण्णांना तरी कुठं ठाऊक होतं, कुणासाठी ठेवतोय ते? मध्यंतरी विणकामाचा अभ्यास करणारी एक पोरगी घरी आली. कार्डं उजेडात धरून बघतच बसली, चहा गार झाला. "काका, हे फेकू नका हं," एवढंच म्हणाली.

रद्दीवाल्याकडून सोडवता आल्या तेवढ्या फायली आमच्या हॉलमध्ये आणून टाकल्यात. पाऊस तोंडावर आहे. कुणाकडं कोरडी खोली रिकामी असेल तर आजच कळवा. आणि कमेंटमध्ये "पीडीएफ आहे का" असं विचारणाऱ्याला मी अनफ्रेंड करणार, आधीच सांगून ठेवतो.