मावशीची गोळी आणि चिनी हृदय

परवा मावशीने फोनवर सहज सांगितलं, की डिप्रेशनची गोळी तिने सोमवारपासून बंद केली. का, तर फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेज. 'चिनी ऋषींना 5000 वर्षांपूर्वीच ठाऊक होतं की माणूस हृदयाने विचार करतो. म्हणून त्यांच्या लिपीत कामात बुडालेला म्हणजे हृदय मेलेला! युंगने हे चिनी गुरूंकडूनच शिकून घेतलं. आता विज्ञानालाही हृदयात 40,000 पेशींचा मेंदू सापडलाय. मनाचे आजार डोक्यात नसतातच. गोळ्या सोडा, हात छातीवर ठेवा. सुरुवातीला हलकं हलकं वाटेल.' खाली तीन गुलाबं.

5000 वर्षं सोडून देऊ. हाडांवर कोरलेली सर्वांत जुनी चिनी अक्षरं सव्वातीन हजार वर्षांच्या आसपासची आहेत.

'हृदय मेलं' हे मात्र सोडवत नाही. 'माङ्' म्हणजे कामात असलेला. अक्षरात डावीकडे हृदयाची खूण, उजवीकडे 'वाङ्', म्हणजे नाश. पण 'वाङ्' तिथे उच्चार दाखवायला बसलाय. बहुतेक चिनी अक्षरं अशीच असतात, एक भाग विषय सांगतो, दुसरा आवाज. तेच दोन भाग एकाखाली एक मांडले की 'विसरणे' होतं. मग चष्मा विसरणाऱ्याचंही हृदय मेलं म्हणायचं? 'मनुका'त 'मन' दिसतं म्हणून बेदाण्यांवर मानसोपचार करण्यातला हा प्रकार. उलट 'विचार' या अक्षराचं जुनं रूप पाहा, खाली हृदय आणि वर डोक्याची टाळू. इ.स. 100च्या सुमाराचा शू शनचा कोश ते तसंच फोडून दाखवतो. म्हणजे डोकं आलंच!

बरं, अर्धं खरं आहे, कबूल. 'शिन्' या एकाच शब्दात चिनी माणूस हृदय आणि मन दोन्ही म्हणतो, आणि विचार करणं हे शिन्चं काम, असं प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्शियस खरंच सांगतो. हृदयाला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, 40,000चा आकडाही अभ्यासकांनी दिलेलाच आहे. पण ते जाळं ठोके सांभाळतं. मेंदूतल्या पेशी 8600 कोटींच्या घरात आहेत. आणि चिनी वैद्यही मेन्शियसपाशी थांबले नाहीत. स्मरणशक्ती हृदयात नाही, मेंदूत असते, हे वांग छिंगरनने 1830 सालीच लिहून ठेवलं.

आता युंग, म्हणजे स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग. तो चीनला कधी गेलाच नाही. चिनी विद्येचा अभ्यासक रिचर्ड विल्हेल्मने जर्मनमध्ये आणलेला 'सोनेरी फुलाचे रहस्य' हा चिनी ग्रंथ 1929 साली युंगच्या भाष्यासह निघाला. मेसेजवाल्याने तो नुसता उघडला असता तरी पुरे होतं. त्यात 'स्वर्गीय हृदय' आहे, आणि त्याची जागा सांगितली आहे दोन डोळ्यांच्या मध्ये! 'त्याचं काळीज वाघाचं' म्हटल्यावर आपण कुणाला इको काढायला पाठवत नाही, तसंच हे. शिवाय पौर्वात्य साधनांची आंधळी नक्कल करू नका, असं युंगने त्याच भाष्यात पाश्चात्त्यांना बजावलंय. 'आम्ही इथे विचार करतो' हे हृदयाकडे हात करून म्हटलेलं वाक्य त्याच्या आठवणींत आहे खरं, पण ते म्हणणारा न्यू मेक्सिकोतल्या टाओसचा, प्युब्लो या मूळ अमेरिकन समाजाचा मुखिया होता, साल 1925. त्या बोलण्याने युंग हलला. पण तो पेशाने डॉक्टर. 1944 साली हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्याला ऑक्सिजन आणि कापराची इंजेक्शनं दिली गेली, हे त्यानेच लिहिलंय.

मावशीला चार दिवस गरगरत होतं, रात्री झोप नव्हती, आणि ती समजत होती की हेच ते 'हलकं हलकं'! या गोळ्या एकदम सोडल्या की पुष्कळांना नेमकं असंच होतं, आणि मूळ आजार उलटू शकतो तो वेगळाच. कमी करायच्या तर डॉक्टर पायरीपायरीने करतात. मेसेजमध्ये हे एक वाक्य घालायला किती जागा लागली असती? एका गुलाबाएवढी.

त्याच संध्याकाळी तिच्या डॉक्टरांशी बोलून गोळी पुन्हा सुरू केली. हात छातीवर ठेवून ती रोज दहा मिनिटं बसते, बसू दे, त्याला माझी हरकत नाही. ग्रुपचा ॲडमिन माझा मामेभाऊच आहे. त्याने तो मेसेज अजून काढलेला नाही.