सल्ला तरी ऐका, एवढंच मागितलं होतं

विल्यम कूपर हे नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलं नसेल. ऑस्ट्रेलियातल्या योर्टा योर्टा या मूलनिवासी समाजाचे. सत्तरी उलटल्यावर या आजोबांनी इंग्लंडच्या राजाच्या नावाने एक अर्ज लिहिला आणि १,८१४ सह्या गोळा केल्या. मुख्य मागणी अशी की, संसदेत आमच्या वतीने बोलणारा एक माणूस हवा. १९३७ मध्ये अर्ज सरकारकडे दिला. सरकारने तो राजाकडे पाठवलाच नाही.

ऑस्ट्रेलियातच १४ ऑक्टोबर २०२३ ला झालेल्या सार्वमतात मागणी त्याहून नरम होती. संसदेत जागा नको, नकाराधिकार नको. मूलनिवासींचं एक सल्लागार मंडळ राज्यघटनेत नोंदवा, बस्स. सल्ला मानायचा की नाही, ते संसदेनेच ठरवायचं. तरी सुमारे ६० टक्के मतं ‘नाही’ला पडली, सहाही राज्यांत. ‘माहीत नसेल तर नाही म्हणा’ ही विरोधकांची घोषणा. (माहिती करून घ्या, असं का नाही सांगितलं?)

सगळे मूलनिवासी बाजूने होते असंही नाही. सिनेटर लिडिया थॉर्प यांचं म्हणणं, सल्लागार मंडळ कसलं, आधी आमच्याशी करार करा. त्यांचा राग मला कळतो.

पण ‘साधा कायदा करा की, घटना कशाला?’ हा प्रश्न मात्र पटत नाही. मेख तिथेच आहे. मूलनिवासींच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींचा राष्ट्रीय आयोग १९९० मध्ये साध्या कायद्याने उभा राहिला आणि २००५ मध्ये साध्या कायद्यानेच गुंडाळला गेला. कारभारात दोष असतील, मान्य. पण मंत्र्यांचा कारभार बिघडला म्हणून कुणी संसदेला कुलूप लावत नाही.

मला राहून राहून आठवते ती १९६३ ची झाडाची साल. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या यिरकालाच्या योलंगु या मूलनिवासी लोकांनी बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध संसदेला अर्ज केला, तो सालीवर चिकटवून. मधोमध टाइप केलेला कागद, मजकूर स्वतःच्या भाषेत आणि इंग्रजीतही, भोवती हाताने रंगवलेली आपल्या कुळांची चित्रं. म्हणजे राज्यकर्त्यांच्या रीतीने अर्ज, आणि जमीन कुणाची ते कडेने रंगवलेलं. संसदेने चौकशी समिती नेमली. खाण झालीच. अर्ज आता संसद भवनात जपून ठेवलाय.

दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्येच आपल्या राज्यापुरतं असं मंडळ केलं. मार्च २०२४ मध्ये त्याची पहिली निवडणूकही झाली. तेही साध्या कायद्यानेच.