रुबीला झगा का घातला?

'स्टीव्हन युनिव्हर्स' या कार्टून मालिकेत जुलै २०१८ मध्ये रुबी आणि सफायर या दोघींचं एकमेकींशी लग्न लागलं. रुबीने झगा घातला होता आणि सफायरने सूट. एरवी दोघींचा पेहराव बरोबर उलटा असतो. ही अदलाबदल नुसती हौस नव्हती. दोघींचं प्रेम झाकायला काही देशांत डबिंग करताना रुबीला सरळ पुरुष करून टाकलं होतं. आता झग्यातल्या रुबीला नवरदेव म्हणून खपवून दाखवा!

मला हे दृश्य जबरदस्त हुशार वाटतं आणि तितकाच संतापही येतो. गोष्ट रंगवायची सोडून लेखकाने आपली अक्कल सेन्सॉरची कात्री चुकवण्यात का घालवायची?

'मुलांच्या वयाला शोभत नाही' हे वाहिन्यांचं ठरलेलं कारण. पण याच मालिकेच्या एका भागातून कार्टून नेटवर्कच्या ब्रिटिश वाहिनीने पर्ल आणि रोज या दोघींच्या नाचातला तुकडा कापला, आणि त्याच भागातलं रोज आणि ग्रेग या पुरुषाचं चुंबन ठेवलं. म्हणजे चुंबन मुलांना चालतं, दोन बायकांचा नाच चालत नाही. यात वय कुठे आलं?

खरी गोम पैशात आहे. कार्टून एका देशासाठी बनत नाही, डझनभर देशांत विकलं जातं. सगळ्यात कर्मठ गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून बाकी सगळ्यांच्या ताटातलं काढून घ्यायचं, असा हा हिशेब. मालिकेच्या निर्मात्या रेबेका शुगर यांनीच नंतर सांगितलं की रुबी-सफायरच्या नात्यापायी मालिका बंद पडू शकते असा इशारा त्यांना मिळाला होता, आणि लग्नामुळे काही परदेशी भागीदारांचा पाठिंबाही गेला. तरी त्या हटल्या नाहीत.

सगळ्यांना एवढं जमत नाही. निकलोडियनवरच्या 'द लेजंड ऑफ कोरा'मध्ये डिसेंबर २०१४ ला शेवटच्या भागात कोरा आणि असामी नुसत्या हात धरून निघून गेल्या. त्या एकमेकींच्या प्रेमात आहेत हे निर्मात्यांना काही दिवसांनी वेगळं लिहून सांगावं लागलं.

डिस्नीची तर तऱ्हाच न्यारी. 'द आउल हाउस'च्या निर्मात्या डेना टेरेस यांना वरून सांगण्यात आलं होतं की वाहिनीवर असली नाती दाखवायची नाहीत. त्यांनी हट्ट धरला आणि लूझ-ॲमिटी या दोन मुलींची जोडी पडद्यावर आली. पुढे तिसरा सीझन तीन लांब भागांत गुंडाळला गेला. टेरेस यांच्या म्हणण्याप्रमाणे कारण असं की मालिका 'ब्रँड'मध्ये बसत नव्हती. पिक्सारच्या 'विन ऑर लूझ'मधून तर डिसेंबर २०२४ मध्ये एका ट्रान्स मुलीची ओळख सांगणारे संवाद काढले. कंपनीचं म्हणणं, काही विषय पालकांनाच आपापल्या वेळी मुलांशी बोलायचे असतात. बोला की! राजपुत्र-राजकन्येच्या लग्नाच्या वेळी कुणी पालकांना विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

'ग्रॅव्हिटी फॉल्स' या कार्टूनचे निर्माते ॲलेक्स हर्श यांनी २०२२ मध्ये एक झकास काम केलं. डिस्नीच्या सेन्सॉर खात्याशी झालेले आपले ईमेल त्यांनी व्हिडिओत वाचून दाखवले. हसून मुरकुंडी वळते. पण त्यांची मालिका २०१६ मध्येच संपली होती. चालू मालिकेवर नोकरीत असलेला कुणी असं करायला धजणार नाही, म्हणून सेन्सॉरच्या बाकीच्या सूचना इनबॉक्समध्येच पडून राहतात.