‘ग्राफिक्स कार्ड नाही, म्हणून स्क्रीन फिरत नाही’ : या सल्ल्यातलं काय काय चुकतं

एक सल्ला सध्या बराच फिरतोय. ‘लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर स्क्रीन उभी-आडवी होत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि बाणाची की एकत्र दाबा. काहीच झालं नाही तर चिपमध्ये तेवढी ताकद नाही. विंडोज नव्याने टाका, नाहीतर लॅपटॉप बदला.’ यापायी नाहक फॉरमॅट मारले जातात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी शॉर्टकट. कंट्रोल-ऑल्ट-बाण हा विंडोजचा शॉर्टकट नाहीच. तो इंटेलच्या जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरसोबत (ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि चिप यांची गाठ घालून देणारं सॉफ्टवेअर) यायचा आणि त्याच्या पॅनेलमधल्या ‘हॉट कीज’मधून बंदही करता यायचा. एक्लिप्समध्ये कोड लिहिणारे तो हटकून बंद करत, कारण तिथे कंट्रोल-ऑल्ट-खालचा बाण म्हणजे ओळीची नक्कल; ओळ राहायची बाजूला आणि पडदाच फिरायचा. पुढे ते पॅनेल जाऊन इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटर आलं. तेव्हा शॉर्टकट चालला नाही, यावरून चिपबद्दल काहीच ठरत नाही. खरी जागा सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ‘डिस्प्ले ओरिएंटेशन’. बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल तर वर १ आणि २ आकड्यांचे चौकोन दिसतात. आधी योग्य चौकोन निवडा, नाहीतर भलताच पडदा फिरेल. फिरल्यावर माउस उलटा-सुलटा पळू लागला तर घाबरू नका. ‘कीप चेंजेस’ दाबलं नाही तर १५ सेकंदांत सगळं पूर्ववत होतं.

आता ताकद. १९२०×१०८० ची एक फ्रेम, दर पिक्सेलला ४ बाइट धरून, साधारण ८.३ एमबी भरते. एवढं चित्र फिरवणं कुठल्याही इंटिग्रेटेड, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्स चिपला जड नाही. गंमत म्हणजे एनव्हिडियाचं वेगळं कार्ड असलेल्या अनेक लॅपटॉपांत आतला पडदा इंटिग्रेटेड ग्राफिक्सलाच जोडलेला असतो. कार्ड गेमचं चित्र तयार करतं, पण ते पडद्यावर पाठवतं इंटिग्रेटेड. म्हणूनच अशा लॅपटॉपवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘डिस्प्ले’ हा विभागच दिसत नाही. स्क्रीन फिरवण्यासाठी महागडा लॅपटॉप घेणाऱ्याच्या पदरात बहुधा तोच इंटिग्रेटेड पडणार!

मग ओरिएंटेशनचा पर्याय गायब किंवा फिकट का होतो? बहुतेक वेळा खरा ड्रायव्हर बसलेला नसतो. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि ‘डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स’खाली पाहा. तिथे इंटेल किंवा एएमडीच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ असेल तर निदान झालं. हा कामचलाऊ ड्रायव्हर मशीन सुरू होताना फर्मवेअरने (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मशीनमधल्याच सॉफ्टवेअरने) लावून दिलेला पडदा तसाच वापरतो. फिरवणं त्याला बहुधा जमत नाही. ब्राइटनेसही कमी-जास्त होत नसेल तर शंका पक्की समजा. रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून जोडलेलं असतानाही डिस्प्लेच्या सेटिंग्ज बदलता येत नाहीत, पण तिथे बिघाड काहीच नसतो.

‘विंडोज नव्याने टाका’ हा तर उलटा उपाय. कोऱ्या विंडोजवर ड्रायव्हर मिळाला नाही की नेमका तोच बेसिक अ‍ॅडॉप्टर बसतो. त्याऐवजी लॅपटॉपच्या तळावरचा मॉडेल नंबर घेऊन उत्पादकाच्या सपोर्ट पानावरून ग्राफिक्स ड्रायव्हर उतरवा, बसवा, रीस्टार्ट करा. विंडोज अपडेटच्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्येही तो कधी कधी सापडतो. थेट इंटेलचा इन्स्टॉलर ‘हा ड्रायव्हर या संगणकासाठी तपासलेला नाही’ असं सांगून थांबला, तर उत्पादकाचाच घ्यावा. अ‍ॅडॉप्टरचं नाव बरोबर आहे पण पिवळं चिन्ह आणि कोड ४३ (विंडोजने बिघाडामुळे ते उपकरण थांबवल्याची खूण) दिसतोय? इंटरनेट बंद करा, डिव्हाइस अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हर काढण्याच्या चौकोनात टिक करा, रीस्टार्ट करून उतरवलेला ड्रायव्हर बसवा. इंटरनेट चालू राहिलं तर अपडेट मध्येच जुनाच ड्रायव्हर पुन्हा घुसवू शकतं. अपडेटनंतरच बिघडलं असेल तर आधीचा ड्रायव्हर परत आणणारं ‘रोल बॅक ड्रायव्हर’ पुरेसं.

लॅपटॉप वळवला की पडद्याने आपोआप फिरणं हे प्रकरण निराळं. त्याला अ‍ॅक्सेलरोमीटर (कल आणि हालचाल ओळखणारा सेन्सर) लागतो आणि तो साध्या लॅपटॉपमध्ये सहसा नसतो. टू-इन-वनमध्ये (टॅबलेटसारखाही वापरता येणाऱ्या लॅपटॉपमध्ये) ते बंद पडलं तर आधी विंडोज-ओ दाबून रोटेशन लॉक, म्हणजे फिरणं रोखणारी सोय, तपासा, मग डिव्हाइस मॅनेजरमधला सेन्सर, मग सर्व्हिसेसमधली ‘सेन्सर सर्व्हिस’. कीबोर्ड उघडून नेहमीसारखा वापरताना लॉकचं बटण फिकट दिसू शकतं. पडदा मागे दुमडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

या सल्ल्याला थोडाफार लागू पडणारा एक जुना अपवाद आहे: अ‍ॅटम एन२६०० सारख्या प्रोसेसरमधलं जीएमए ३६०० ग्राफिक्स. त्यासाठी ६४-बिट विंडोजचा ड्रायव्हर इंटेलने काढलाच नाही, त्यामुळे तिथे बेसिक अ‍ॅडॉप्टरवरच भागवावं लागतं. तिथेही अडतं ते ड्रायव्हरपाशीच.