लाल पट्टा म्हणजे तेल नव्हे

पणजी-म्हापशाकडच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक रंगीत चित्र फिरतंय. खाली मजकूर: ‘भूकंपीय इन्व्हर्शनने समुद्राखालच्या चुनखडीतलं तेल थेट दिसतं. लाल भाग तेलाचा.’ हे खरं नाही.

इन्व्हर्शन हे एक गणित. समुद्रतळाखाली सोडलेल्या आणि खडकांच्या थरांवरून परावर्तित झालेल्या ध्वनिलहरींवरून ते खडकाचा ध्वनी-अवरोध काढतं, म्हणजे घनता गुणिले लहरींचा वेग. रंग त्या आकड्याचा असतो, आणि लाल कुठल्या आकड्याला द्यायचा हे चित्र करणारा ठरवतो. अवरोध कमी तर सच्छिद्रता, म्हणजे खडकातल्या पोकळ्यांचं प्रमाण, जास्त असावी, एवढा अंदाज बांधता येतो. पण चुनखडी मोठी लबाड. सच्छिद्रता सारखीच असली तरी गोल, सुट्या पोकळ्या असतील तर वेग फारसा उतरत नाही. बारीक भेगा असतील तर चांगलाच उतरतो. शिवाय खडक इतका ताठर, की छिद्रांत तेल आहे की खारं पाणी, हा फरक जेमतेम उमटतो.

लहरींच्या नोंदीत अगदी कमी वारंवारता नसतेच. ती बहुधा तेलाच्या शोधात खोदलेल्या जवळच्या विहिरींच्या मोजमापांतून भरतात. विहीरच नसेल तर आकडे बरेचसे गृहीतकांवर उभे. मुंबई हायच्या चुनखडीत तेल असल्याचं १९७४ साली पक्कं झालं, तेही समुद्रात खोदकाम करणाऱ्या ‘सागर सम्राट’ या जहाजाने विहीर खोदल्यावर.