फिल्टर लावला म्हणून पोस्टग्रेस रेंगाळत नाही

“पोस्टग्रेसचं फुल-टेक्स्ट सर्च छोट्या डेटापुरतं ठीक. शहर, वर्ग, तारीख असे फिल्टर जोडले की ते मान टाकतं. सरळ इलास्टिकसर्च लावा.” पोस्टग्रेस या डेटाबेसमधला मजकुरातल्या शब्दांचा शोध सोडून इलास्टिकसर्च ही वेगळी शोध-सिस्टीम घ्या, हा सल्ला बॅकएंडवाल्यांमध्ये सर्रास फिरतो आणि तो ऐकून टीम विनाकारण दुसरी सिस्टीम गळ्यात बांधून घेतात.

‘जिन इंडेक्स लावूनही फरक पडत नाही’ हा पहिला दावा; जिन म्हणजे कुठला शब्द कुठल्या नोंदींत आहे याची सूची. पुष्कळदा तो इंडेक्स वापरलाच जात नसतो. इंडेक्स करताना मजकुराचे शोधण्याजोगे शब्द (टीएसव्हेक्टर) काढणाऱ्या टू_टीएसव्हेक्टर फंक्शनला भाषा सांगितलेली आणि क्वेरीत ती गाळलेली, एवढ्यावरूनही क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा प्लॅनर तो बाजूला ठेवतो. आवृत्ती १२ पासून जनरेटेड, म्हणजे आपोआप भरले जाणारे, कॉलम आहेत. टीएसव्हेक्टर त्यात साठवा, प्रश्न मिटला.

‘शब्द आणि फिल्टर दोन्ही इंडेक्समधून एकत्र शोधता येत नाहीत.’ येतात. दोन वेगळे इंडेक्स असतील तर दोन्हींचे बिटमॅप (जुळलेल्या जागांच्या खुणा) काढून बिटमॅपअँड होतो, म्हणजे दोन्हींत असलेल्या खुणाच उरतात. बीट्री_जिन एक्स्टेंशन घेतलं तर शहराचा आयडी आणि मजकूर एकाच जिन इंडेक्समध्ये बसतात. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसबद्दल मात्र हा आक्षेप खरा आहे: तिथे इंडेक्स मर्जमध्ये (अनेक इंडेक्स एकत्र वापरण्यात) फुलटेक्स्ट इंडेक्स चालत नाही.

‘लिमिट २० असूनही क्वेरी रेंगाळते, म्हणजे इंजिनच कमकुवत.’ सगळ्यात जास्त दिशाभूल इथे होते. ‘नवीन नोंदी आधी, फक्त २०’ असं मागितलं की प्लॅनरला वाटतं, तारखेच्या बी-ट्रीवरून (क्रमाने लावलेल्या इंडेक्सवरून) मागे चालत गेलो तर २० नोंदी पटकन सापडतील. शब्द नेहमीचा असेल तर सापडतातही. पण तो दुर्मीळ असला, किंवा त्या शहराच्या फक्त जुन्या नोंदींत असला, तर जवळजवळ अख्खं टेबल पालथं घातलं जातं. क्वेरी प्रत्यक्ष कशी चालली ते दाखवणाऱ्या एक्सप्लेन अ‍ॅनालाइझमध्ये ‘रोज रिमूव्ह्ड बाय फिल्टर’ (वाचून गाळलेल्या नोंदी) यापुढे लाखांतला आकडा दिसला की दुखणं हेच. शोध आणि फिल्टर मटेरिअलाइज्ड सीटीईमध्ये (आधी वेगळ्या पूर्ण होणाऱ्या उपक्वेरीत) टाका, क्रम आणि लिमिट बाहेर लावा. लाखो नोंदींत येणाऱ्या शब्दाला हाच उपाय महाग पडतो, म्हणून दोन्ही तऱ्हेचे शब्द घालून मोजा.

‘जास्त जुळणारं आधी’ हे रँकिंग संथ पडतं, या तक्रारीत तथ्य आहे. जिनमध्ये शब्दांच्या मजकुरातल्या जागा नसतात, त्यामुळे रँक काढणाऱ्या टीएस_रँक फंक्शनला जुळलेल्या प्रत्येक नोंदीचा टीएसव्हेक्टर वाचावा लागतो. फिल्टरने नोंदी कमी झाल्या की हा भार आपोआप उतरतो. तेवढ्याने भागत नसेल तर जागाही साठवणारा रम इंडेक्स एक्स्टेंशन म्हणून मिळतो. इलास्टिकसर्चचा विचार त्यानंतर करा, आणि डिलीट झालेली प्रत्येक नोंद तिथूनही काढण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरवा.