‘बाय आउट’ म्हणजे केवळ ‘सगळे विकत घेणे’ नव्हे

आपला आक्षेप मी लक्षपूर्वक वाचला. ‘बाय आउट’ या इंग्रजी क्रियापदाचे कर्म बहुधा माणूस असते, हे माझे विधान आपल्याला मान्य नाही. कंपनी ‘बाय आउट’ केल्याच्या बातम्या येतात, म्हणून त्याचा अर्थ सरळ ‘सगळे विकत घेणे’ असा द्यावा, असे आपण सुचवले आहे. तो अर्थ मला अपुरा वाटतो.

समजा, एका व्यवसायात तीन भागीदार आहेत आणि त्यांपैकी एकाचा वाटा अवघा १० टक्के आहे. उरलेल्या दोघांनी पैसे देऊन तो वाटा घेतला, तर खरेदी एवढी लहान असूनही ‘दे बॉट हिम आउट’ हे वाक्य बिनचूक ठरते. याउलट, कोणी बाजारातून मिळतील तेवढे समभाग भराभर गोळा करत असेल, तर तिथे ‘बाय अप’ शोभते. ‘अप’चा रोख किती माल उचलला यावर असतो, ‘आउट’ मात्र कोणाचा हक्क संपला हे सांगते. खेळाडूचा करार ‘बाय आउट’ करताना तर कोणतीही वस्तू हाती येत नाही. पैसे मोजले जातात ते मुदतीआधी करार संपवण्यासाठी.

कंपनी हे कर्म असते तेव्हाही तिच्यामागे मालक असतातच. २०१३ साली मायकेल डेल यांनी सिल्व्हर लेक या गुंतवणूक संस्थेच्या साथीने डेल कंपनी सुमारे २,५०० कोटी डॉलरना खासगी मालकीत घेतली, त्या व्यवहाराला ‘बायआउट’ म्हटले गेले. डेल स्वतः आधीपासूनच मोठे भागधारक होते; पैसे घेऊन बाहेर पडले ते इतर भागधारक.

दुकानातला सगळा माल घेतला या अर्थी ‘बॉट आउट द स्टोअर’ असेही म्हणतात, आणि तो प्रयोग आपल्या अर्थाला सर्वांत जवळचा आहे, हे मी मान्य करतो. परंतु शिकणाऱ्याने तिथून सुरुवात केली, तर भागीदाराचे वरचे वाक्य त्याला उलगडणार नाही, ही माझी खरी काळजी आहे.

शब्दक्रमाविषयीही आपण विचारले आहे. कर्म नाम असेल, तर ते ‘आउट’च्या आधी किंवा नंतर कुठेही चालते, सर्वनाम असेल, तर ते मध्येच यावे लागते. म्हणून ‘बॉट आउट हिम’ हे चुकीचे आहे.